युरोपची दृष्ट

युरोपातल्या कारखान्यांचं पुढं काय होणार हे सांगणं हा ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता, ते गृहस्थ साध्या चहाबद्दलही चांगलं बोलत नसत. "काका, चहा कसा झालाय?" विचारलं, की एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जातोय घशाखाली." मग दुसरा कप मागून घ्यायचे. लंडनमध्ये जूनमध्ये कधीतरी एखादा लख्ख दिवस उजाडतो आणि ऑफिसातली सगळी गोरी मंडळी 'लव्हली डे, इझन्ट इट' करत फिरतात. अशा दिवशी काका खिडकीशी जाऊन आभाळातला एकुलता एक ढग हुडकून काढत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. ते सध्या कसे आहेत हे मी इथं लिहिणार नाही. बरे आहेत असं छापून आलं तर त्यांचा फोन येईल आणि मला बोलणी खावी लागतील.

मी नागपूरची. आमच्याकडे एखाद्याचं बरं चाललं असलं, तर तो ते चारचौघांत सांगतो, आणि फारसं बरं चाललं नसलं तर जरा जास्तच मोठ्यानं सांगतो. मी इंग्लंडात अर्थशास्त्र शिकले, लग्न करून लंडनच्या हॅरो उपनगरात राहिले आणि इंजिनिअरिंग कारखानदारांच्या एका संघटनेत नोकरीसाठी मुलाखतीला गेले. गिअर, पंप, व्हॉल्व्ह, मशिनं बनवणारे लोक या संघटनेचे मेंबर. दर तिमाहीला ती 'आउटलुक' नावाचा अंदाज काढते: ऑर्डरी वाढतील की घटतील, नोकरभरती होईल का, युरोपात काय चाललंय. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुझे गुण सांग. मी नागपुरी उत्साहानं सांगत सुटले. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ कोटाच्या बाहीची शिवण चाचपत बसले होते. माझं संपल्यावर ते शुद्ध मराठीत म्हणाले, "स्वतःबद्दल एवढं चांगलं बोलू नये, बाय. सोमवारपासून ये."

मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. एचआरच्या बाईला वाटलं, काहीतरी टेक्निकल प्रश्न विचारला.

दारावरच्या पाटीवर आडनाव 'कर'नं संपणारं होतं, पण पहिलं नाव बायबलातलं, म्हणून मला आधी उलगडा झाला नव्हता. ते मुंबईचे ज्यू, बेने इस्रायल. भायखळ्यात वाढलेले, तरुणपणी इकडे आलेले, आता स्टॅनमोरला राहत. त्यांच्या लंडनमधल्या जमातीत नवी पिढी इंग्रजीच बोलते, त्यामुळे घरात काकू सोडल्या तर त्यांना मराठीत रडायला कुणी उरलं नव्हतं. माझी नेमणूक कितपत माझ्या अर्थशास्त्रामुळे झाली आणि कितपत या कारणानं, हे मी कधी विचारलं नाही.

ऑफिसात डायरेक्टरपासून टपाल वाटणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारत. वडिलांच्या वयाच्या माणसाला तशी हाक मारणं माझ्या जिभेला काही पेलेना. सुरुवातीला मी हाकच मारत नसे, नुसती समोर जाऊन उभी राहत असे. एकदा ते वर बघतील म्हणून मी इतका वेळ उभी होते, की त्यांना वाटलं मी राजीनामा द्यायला आले आहे. "काका म्हण गं," ते वैतागून म्हणाले. "ह्या लोकांना काय, माझं मिडल नेम आहे असं वाटेल." खरंच तसं वाटलं. त्या वर्षी ख्रिसमसच्या कार्डावर त्यांच्या नावाच्या मध्ये 'काका' घालून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या.

आउटलुकसाठी मेंबरांना ऑनलाइन प्रश्न जात असत. वाढ, घट की तेवढंच, यातलं एक निवडायचं. काकांचा त्या उत्तरांवर काडीचा विश्वास नव्हता. ते स्वतः एकेकाला फोन लावत, आणि धंद्याबद्दल चुकूनही विचारत नसत. "रिसेप्शनला बाई आहे की बेल?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कारखान्याचे दिवस फिरले, की आधी फाटकातली कुंड्यांची झाडं वाळतात, मग रिसेप्शनवरची बाई जाते आणि तिच्या जागी टेबलावर दाबायची बेल येते, असं त्यांचं शास्त्र होतं. पुढं ऑर्डरी घटल्याचं कळायचं ते बेल आल्यावर बऱ्याच दिवसांनी. शिवाय प्रत्येक देशाच्या रडण्याचा त्यांच्याकडे वेगळा भाव होता. जर्मन माणूस 'परिस्थिती गंभीर आहे' म्हणाला, की ते 'ठीक' धरत. इटालियन 'सर्वनाश' म्हणाला, की 'उत्तम'. पण इंग्रज माणूस जर 'ॲब्सोल्यूटली फाइन' म्हणाला, तर फोन ठेवून हळूच म्हणत, "हा बुडाला, बाय." आणि तो बहुतेक वेळा बुडालेलाच असे.

त्यांचा सगळ्यात लाडका मेंबर म्हणजे मिडलँड्समधला एक गिअरवाला. वडिलोपार्जित कारखाना, माल जवळजवळ सगळा जर्मनीला जाणारा. या दोघांचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं असे.

"हाऊज थिंग्ज?"

"कुड बी वर्स."

"इट विल बी."

"येस. इट विल."

मग दोघंही समाधानानं उसासा टाकत. एवढ्या संभाषणातून काका त्याच्या ऑर्डरी, त्याचं विजेचं बिल, रिटायर होणाऱ्या फिटरच्या जागी पोरं मिळतायत की नाही आणि युरोपला माल पाठवताना कस्टम्सचे कागद किती छळतायत, हे सगळं सांगत. मी नंतर आकडे ताडून पाहत असे. माणूस फारसा चुकत नसे.

चुकत नसे, पण लिहीतही नसे. आउटलुकचं पहिलं वाक्य कायम एकच: 'द आउटलुक रिमेन्स चॅलेंजिंग.' ऑर्डरी धो धो आलेल्या असोत, पंपवाल्यांना पंप पुरेनासे झालेले असोत, आउटलुक चॅलेंजिंगच. मेंबरही सरावले होते. 'काही नाही हो, साधंच केलंय' म्हणणाऱ्या घरी पुरणपोळी असते हे आपल्याला ठाऊक असतं, तसे ते काकांच्या अंदाजातलं रडणं वजा करून बाकीचं घेत.

एकदा ऑर्डरी इतक्या चांगल्या होत्या, की मी हट्टच धरला. "काका, निदान 'मॉडरेटली एन्करेजिंग' लिहू या ना. डेटा आहे आपल्याकडे."

"डेटा आहे ना? मग त्याला फाइलमध्ये गपचूप बसू दे. बरं चाललंय तोवर बोलू नये. नजर लागते."

"कारखान्याला?"

"कारखान्यालाच तर पहिली लागते. धूर निघतो ना त्यातनं, लांबनं दिसतो."

त्यांचे वडील गिरणीत मास्तर होते. गिरणीच्या कसल्याशा समारंभात मॅनेजरनं हार घालून घेऊन भाषण ठोकलं, की ही गिरणी अजून शंभर वर्षं चालणार. वडील घरी आले आणि न जेवता बसून राहिले. आईनं विचारलं तर म्हणाले, "आज तो बोलून बसला." गिरणी पुढं बंद पडली. त्याला हजार कारणं होती, आणि काकांनी नंतर कॉलेजात ती सगळी शिकून त्यांवर परीक्षाही दिली. पण त्यांच्या मते खरं कारण ते भाषणच. आपल्याकडे गुटगुटीत पोराच्या गालाला काजळाची तीट लावतात. 'चॅलेंजिंग' ही काकांनी युरोपच्या गालाला लावलेली तीट होती, आणि ती ते वर्षानुवर्षं इमानानं लावत आले होते.

मग संघटनेला नवी डायरेक्टर आली. कुठल्यातरी कन्सल्टिंग कंपनीतून आलेली, तरतरीत, सदा हसरी. बाई वाईट नव्हती, पण तिला तीट म्हणजे डाग वाटला. एका दुपारी तिनं मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि हसतच सांगितलं, की मेंबर वर्गणी भरतात ती स्वतःच्या मयताचं भाषण ऐकायला नव्हे. वार्षिक लंचला यंदाही तोच रडका अंदाज आला, तर आउटलुकचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं जाईल. काकांना काय, ते कधीही रिटायर होऊ शकत होते. पण मग माझी जागा उरणार नव्हती, आणि जागाच नाही तर माझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप कशी रिन्यू करणार? "आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं.

माझा नवरा माझ्याच व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहत होता. मुलगी हॅरोच्या शाळेत नुकती रमली होती. माझी नोकरी गेली की तिघांनी बोचकी बांधायची.

संध्याकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये मी काकांना सगळं सांगितलं. आम्ही वेम्ब्ली पार्कपर्यंत बरोबर जात असू, तिथं ते स्टॅनमोरसाठी जुबिली लाइन पकडत. "बाईंना एक चांगलं वाक्य हवंय, काका. यंदा आकडे खरंच बरे आहेत. खोटं बोलायचं नाहीये, खरंच बोलायचंय, फक्त मोठ्यानं."

"तेच तर वाईट," ते म्हणाले. वेम्ब्ली पार्कला उतरताना नुसतं म्हणाले, "बघू." काकांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला इतक्या दिवसांत कळलं होतं. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, नागपूरला फोन कर, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला इतक्यात ठेवू नका म्हणावं.

लंच होतं बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात. पांढरे मेजपोस, गोल टेबलं, जर्मनीहून, इटलीहून आलेले पाहुणे. पहिल्याच टेबलावर आमचा गिअरवाला, लग्नाला यावा तसा सूट घालून. काका उठले. कोटाला माइक अडकवलेला, चेहरा ऑपरेशनला निघालेल्या पेशंटसारखा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "लेडीज अँड जंटलमेन, ऑर्डर्स आर अप."

सभागृहात काटे-चमचे थांबले. इतक्या वर्षांत असलं काही त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

वाक्य बाहेर पडलं तसा काकांचा उजवा हात आपोआप लाकूड शोधायला लागला. इंग्लंडात चांगलं बोललं की लाकडाला हात लावतात, ही एक गोष्ट त्यांना या देशाची मनापासून पटलेली होती. पण समोरचं डेस्क पारदर्शक प्लास्टिकचं. मागचा पडदा कापडाचा. पेला काचेचा, स्टँड स्टीलचं. अख्ख्या युरोपचे इंजिनिअर जमलेल्या त्या हॉलमध्ये लाकडाचा टवका दिसेना. काका बोलता बोलता स्टेजवरून उतरले, पहिल्या टेबलापाशी आले, मेजपोस वर केला आणि खालच्या फळीवर टकटक केली. माइकमुळे ती हॉलभर घुमली.

"इन्व्हेस्टमेंट इज कमिंग बॅक," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. टकटक.

गिअरवाल्याला लगेच समजलं. त्याचाही हात मेजपोसाखाली गेला. त्याच्या शेजारच्याचाही गेला. "नेक्स्ट इअर विल बी अ गुड इअर," काका म्हणाले, आणि हॉलमधल्या प्रत्येक टेबलाखालून टकटक सुरू झाली. कारखानदार लोक वरून कितीही गणिती दिसोत, आतून सगळे काकाच असतात हे मला त्या दिवशी कळलं. इटलीत लाकडाऐवजी लोखंडाला हात लावतात म्हणे. ते पाहुणे काटे-चमचे मुठीत आवळून बसले होते. डायरेक्टरबाई गोंधळून इकडेतिकडे बघत होती. तिच्या शेजारच्या जर्मन गृहस्थांनी तिला समजावलं, की आमच्याकडे विद्यापीठात भाषण आवडलं की टाळ्या न वाजवता बाकं वाजवतात. बाईचे डोळे पाणावले. "व्हॉट ॲन ओव्हेशन!" ती मला म्हणाली.

त्याच आठवड्यात माझ्या स्पॉन्सरशिपवर सही झाली. काकांनी मात्र मला रविवारी स्टॅनमोरला बोलावलं. मला वाटलं जेवायला. जाऊन बघते तर काकू हातात मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन उभ्या, आणि डायनिंग टेबलावर नव्या आउटलुकची प्रत, कव्हरवर युरोपचा नकाशा.

"ह्यांनी बोलून ठेवलंय, आता निस्तरायला नको?" काकू म्हणाल्या. "बस तू. नजर काढते."

"कोणाची?"

"युरोपची. दुसरी कोणाची?"

काकूंच्या घरी इंडक्शनची शेगडी, विस्तव कुठून आणणार? म्हणून तवा तापत ठेवला होता. काकू व्यवस्थित बाई. मोघम ओवाळणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी पश्चिमेकडून सुरुवात केली. आयर्लंडची, मग आपल्या इंग्लंडची, पोर्तुगालची, स्पेनची, फ्रान्सची, एकेका देशावरून मूठ फिरवून मिरची तव्यावर टाकायची. "आल्यागेल्याची, पाहिल्या-बोलल्याची," त्या पुटपुटत होत्या. बेल्जियमपर्यंत मिरच्यांचा खाट असा काही उठला, की आम्ही तिघंही ठसकायला लागलो. हॉलंडची मिरची पडली आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

"बंद करा हो ते!" काकू ओरडल्या. काका खुर्चीवर चढून टी-टॉवेलनं अलार्मला वारा घालायला लागले. मी खिडक्या उघडल्या. खालचा अलार्म थांबेना, तोवर वरच्या मजल्यावरचाही सुरू झाला. शेजारची गुजराती बाई कुंपणावरून "आर यू ऑल राइट, आंटी?" विचारायला लागली. शेवटी काकूंनी तवा उचलून बागेत नेला, आणि सगळं शांत होईस्तोवर मिरच्या विझून गेल्या होत्या.

"कुठपर्यंत आलो होतो?" काकांनी विचारलं. ते अजून खुर्चीवरच उभे होते.

काकूंनी नकाशा पाहिला. "हॉलंड झालं. पुढं जर्मनी."

"परत पेटव."

"तसं चालत नाही," काकू म्हणाल्या. "मोडली ती मोडली." मग आम्ही खिचडी खाल्ली.

पुढं काय झालं ते पेपरात सगळ्यांनीच वाचलं. जर्मनीतल्या मोटारवाल्यांनी ऑर्डरी आखडत्या घेतल्या. चीनची मशिनं निम्म्या भावात येऊन पडायला लागली. समुद्रापलीकडून टॅरिफ आलं, गॅस पुन्हा महागला, कुणी नवं मशिन घ्यायचं नाव काढेना. आमचा अंदाज दणकून आपटला. अर्थात त्या वर्षी सगळ्यांचेच अंदाज आपटले, म्हणून डायरेक्टरबाईनं आम्हाला काही म्हटलं नाही. गिअरवाल्यानं कारखाना आठवड्यातून चारच दिवस चालवायला घेतला. त्याच्या रिसेप्शनवर बेल आली.

एका सकाळी ऑफिसात पोचले तर काका फोनवर. मेंबरांची नावं समोर होती आणि ते एकेकाला फोन लावून माफी मागत होते. मी दारातच उभी राहिले.

"इट वॉज मी," ते गिअरवाल्याला सांगत होते. "आय सेड इट आउट लाउड. अँड देन माय वाइफ कुड नॉट फिनिश जर्मनी." मग त्यांनी मिरच्यांपासून अलार्मपर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडचा माणूस आता हसेल, नाहीतर डॉक्टरला दाखवा म्हणेल, असं मला वाटलं. फोन स्पीकरवर होता. गिअरवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"यू शुड हॅव टेकन द बॅटरी आउट," तो शेवटी गंभीरपणे म्हणाला.

"आय नो," काका म्हणाले. "आय नो."

त्यांनी फोन ठेवला. चेहरा इतका उतरलेला होता, की मला बघवेना. मी खुर्ची ओढून बसले आणि शाळेत पोराला पाढे शिकवावेत तसं त्यांना समजवायला लागले. काका, टॅरिफ तुम्ही लावलं का? गॅसचे भाव तुम्ही वाढवले का? चीननं इतकी वर्षं मशिनं बनवायची तयारी केली ती तुमचं भाषण ऐकून का? जर्मनीची दुखणी जुनी आहेत, तुम्हीच मला शिकवलीत.

"ती सगळी निमित्तं," ते म्हणाले.

मग माझी सहनशक्ती संपली. "एवढी खात्री होती तर बोललात कशाला? लाकूड नाही, काही नाही, हॉलभर माणसं बसलेली, आणि बोललात!"

"तुझं व्हिसाचं होतं ना," काका म्हणाले. चहात साखर दोन चमचे असं सांगावं तसं.

या माणसाच्या मनात त्या दिवशी जर्मनी, इटली, मिडलँड्स, हजारो चालू मशिनं एका पारड्यात होती आणि हॅरोच्या दोन खोल्यांतलं माझं बिऱ्हाड दुसऱ्या पारड्यात. काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं, आणि तरी ते माझ्याकडे एकदा बघून बोलून गेले. माझ्यासाठी एवढं कुणी काही पणाला लावलं नव्हतं, माझ्या आईवडिलांनीसुद्धा नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"काका, एका माझ्यासाठी अख्खा युरोप?"

त्यांनी माझ्यापुढं टिश्यूचा डबा सरकवला आणि फोनवर पुढच्या मेंबरचा नंबर दाबायला लागले.

"युरोपचं काय एवढं घेऊन बसलीस," ते म्हणाले. "त्याला कुठं व्हिसा लागतोय?"